बोल्ट-ॲक्शन रायफलची नळी बदलताना: बेळगाव सीमाभागातल्या परवानाधारकांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात परवान्याची रायफल बहुतेक करून माजी सैनिकाच्या घरात असते, नाहीतर ज्या घरात आजोबांपासून परवाना चालत आलाय तिथे. सैन्यात आर्मररचं, म्हणजे शस्त्रदुरुस्तीचं काम केलेलं असल्यामुळे मला ही मंडळी नेहमी गाठतात. प्रश्न तेच तेच असतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. ही माहिती रायफल दुरुस्तीला देणाऱ्या मालकासाठी आहे. दुरुस्ती परवाना असलेल्या कारागिराकडूनच व्हायला हवी.

नळी खरोखर बदलायला आली आहे हे कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी हा प्रश्न विचारा, कारण माझ्याकडे "नळी गेली" म्हणून आलेल्या बऱ्याच रायफलींची नळी गेलेली नसते, घाण झालेली असते. आपल्याकडचा परवानाधारक वर्षाला मूठभर गोळ्या झाडतो. एवढ्याने नळीच्या आतले, गोळीला फिरकी देणारे चर झिजत नाहीत. आपल्या भागात नळी खाते ती पावसाळी हवा. जांबोटी, कणकुंबीकडे चार महिने भिंतीला ओल असते. त्यात रायफल चामड्याच्या म्यानात घालून कपाटात उभी ठेवलेली. चामडं ओल धरून ठेवतं आणि गणपतीपर्यंत चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या, तोंडाशी तांबूस ठिपके येतात.

दुसरं कारण जुनी काडतुसं. जुन्या प्रायमरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीत, क्लोरेट असायचं. ते जळल्यावर नळीत मिठाच्या जातीचा क्षार मागे राहतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. त्यामुळे नुसतं तेलाचं फडकं फिरवणाऱ्या माणसाची नळी आतून कुजत जाते आणि त्याला वाटत राहतं की आपण तर दर वेळी साफ करतो. अशी काडतुसं वापरल्यावर नळीतून आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं पुन्हा पुन्हा, आणि सगळ्यात शेवटी तेल, हाच क्रम ठेवायचा.

तेव्हा आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) काढा, नळी ब्रशने आणि सॉल्व्हंटने नीट साफ करा आणि चेंबरच्या बाजूने उजेड टाकून आत बघा. चरांच्या कडा धारदार दिसत असतील आणि फक्त इकडेतिकडे काळे ठिपके असतील, तर ती नळी अजून बरीच वर्षं चालेल. चेंबरच्या पुढे, जिथून चर सुरू होतात तो घसा खडबडीत होऊन तडकलेल्या चिखलासारखा दिसत असेल, नळीत कुठे फुगवटा असेल, किंवा कागदावर गोळीचं भोक गोल न पडता आडवं, लांबट पडत असेल, तर कारागिराला दाखवायची वेळ आली आहे.

एक जागा लोक विसरतात. नळीच्या पुढच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन. साफ करायची लोखंडी सळई वर्षानुवर्षं पुढून घातली की ही कड एका बाजूने झिजते. गोळी बाहेर पडताना वायू त्या बाजूने आधी सुटतो आणि नेम पसरतो. पुष्कळदा एवढी कड नीट केली की नवी नळी लागत नाही. फक्त लक्षात ठेवा, त्यासाठी नळीचा थोडा भाग कापावा लागतो आणि नळी आखूड करणं शस्त्र कायद्याच्या कलम ६ मध्ये येतं. तेव्हा हेही घरी करायचं काम नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एवढे उत्तम टर्नर आहेत. त्यांच्याकडून नळी बसवून घेतली तर?

नको. उद्यमबागेतल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला आदर आहे. हायड्रॉलिकचे सुटे भाग तिथे ज्या मापात निघतात ते पाहिलं की छाती भरून येते. पण शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्र बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं आणि त्याची चाचणी घेणं या प्रत्येकाला परवाना लागतो. कायद्यात 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात, म्हणजे नुसती नळीसुद्धा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याची शिक्षा किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. त्यात अडकणार तो बिचारा टर्नर, आणि सोबत तुम्हीही.

शिवाय मुद्दा कौशल्याच्या पलीकडचा आहे. लेथवर आटे अचूक निघतील, पण त्या नळीचं पोलाद कुठल्या जातीचं, त्याला उष्णता कशी दिली, चेंबर कोरणाऱ्या रीमरचं माप काय, हेडस्पेसचे (ते काय ते पुढे सांगतो) गेज आहेत का, आणि दाबाची प्रूफ चाचणी कोण घेणार? .३०-०६ या काडतुसाच्या चेंबरमध्ये दर चौरस इंचाला साठ हजार पौंडांपर्यंत दाब तयार होतो आणि त्याच्यापासून तुमचा चेहरा वीतभर अंतरावर असतो.

परवान्यावर .३१५ आहे. नळी बदलायचीच आहे तर .३०-०६ ची बसवू का? काडतूस सहज मिळेल.

नाही. परवान्यात शस्त्राचा प्रकार आणि बोर, म्हणजे नळीचं आतलं माप, लिहिलेला असतो. एका वर्गातलं शस्त्र दुसऱ्या वर्गात नेण्यासाठी वेगळा परवाना लागतो.

कायदा बाजूला ठेवला तरी हे जमणारं नाही. इशापूरच्या रायफल फॅक्टरीची .३१५ ही ली-एनफिल्ड घडणीची रायफल आहे. इंग्रजी अमलात सामान्य माणसाला लष्करी बोर मिळत नसे. तेव्हा ऑस्ट्रियाच्या ८×५० आर मानलिखर काडतुसावरून हा बोर शिकारी रायफलींसाठी रुळला. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. .३०-०६ ला तशी कडा नाही, बुडाजवळ खाच असते. बोल्टचं तोंड वेगळं, झाडलेलं काडतूस मागे ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची पकड वेगळी, मॅगझिनची लांबी वेगळी. आणि ली-एनफिल्डच्या बोल्टचे कुलूप-दात मागच्या टोकाला असतात. माउजर जातीच्या बोल्टचे दात पुढे, चेंबरच्या लगेच मागे असतात. मागून कुलूप लागणारा बोल्ट दाबाखाली जास्त लवतो. जी बॉडी (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो मधला भाग) ज्या दाबासाठी घडवली तिला तेवढाच दाब द्यायचा.

मग नळी जुळते की नाही हे कोणकोणत्या गोष्टींवर ठरतं?

नळी निवडताना सुरुवात नळीपासून करायची नसते. आधी परवाना, मग काडतूस, मग बॉडी आणि बोल्ट, आणि या सगळ्यांत बसेल ती नळी. लोक उलटं करतात. कुठेतरी 'चांगली नळी' आहे असं कानावर येतं आणि मग ती बसवायचा खटाटोप सुरू होतो.

बॉडीत नळी ज्या आट्यांनी बसते त्या आट्यांचा व्यास, पिच (दोन आट्यांतलं अंतर) आणि कोन तिन्ही जुळावे लागतात. माउजर ९८ चे आटे १.१ इंच व्यासाचे, इंचाला १२, आणि ५५ अंशांच्या कोनाचे असतात. रेमिंग्टन ७०० चे एक इंच आणि एक सोळांश, इंचाला १६, कोन ६० अंशांचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात. चुकीचे आटे पहिले दोन फेरे जातात, तिसऱ्याला अडतात आणि कोणी तिथे पाना लावून जोर केला की बॉडी कायमची गेली. बॉडी गेली म्हणजे रायफल गेली, कारण परवान्यावरचा नंबर तिचा असतो.

आट्यांनंतर येतं नळीचं मागचं तोंड कशावर टेकतं ते. माउजरच्या बॉडीत आत एक कडं असतं आणि नळी त्याच्यावर टेकते. रेमिंग्टनमध्ये नळी आणि बॉडी यांच्यामध्ये रिकॉइल लगची, म्हणजे गोळीचा धक्का लाकडात उतरवणारी पट्टी येते. विंचेस्टर ७० च्या नळीचं मागचं तोंड कोनाकार असतं आणि त्यात एक्स्ट्रॅक्टरसाठी खाच पाडावी लागते. म्हणून एकाच काडतुसाची, एकाच लांबीची नळीसुद्धा एका बॉडीतून काढून दुसरीत जात नाही.

बोल्टच्या तोंडाचं माप काडतुसाच्या बुडावर ठरतं. .३०-०६, .३०८, .२७० या तिघांचं बूड साधारण १२ मिमीचं, त्यामुळे बोल्ट तोच चालतो. बेल्टवाल्या मॅग्नमचं, म्हणजे बुडाशी पट्टा असलेल्या जास्त ताकदीच्या काडतुसाचं, बूड साडेतेरा मिमीच्या आसपास, तिथे तो चालत नाही. मॅगझिन आणि बोल्टची चाल काडतुसाच्या लांबीवर. .३०-०६ ची पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) ६३ मिमी आणि .३०८ ची ५१ मिमी, म्हणून एकाला लांब ॲक्शन आणि दुसऱ्याला आखूड.

हेडस्पेस म्हणजे नेमकं काय? कारागीर त्याचेच जास्त पैसे का घेतो?

कारण जीव त्यावर अवलंबून असतो. बोल्ट बंद झाल्यावर त्याच्या तोंडापासून, काडतूस चेंबरमध्ये जिथे अडतं त्या जागेपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. .३१५ सारखं कडावालं काडतूस बुडाच्या कडेवर अडतं. .३०-०६ खांद्यावर, म्हणजे पुंगळी जिथे निमुळती होते तिथे, अडतं. .२२ रिमफायर पुन्हा कडेवर, आणि ती कडा जेमतेम एक मिलिमीटरची.

हे अंतर कमी पडलं तर बोल्ट बंद होत नाही. त्यात धोका कमी आहे, कारण रायफल स्वतःच नाही म्हणते. अंतर जास्त झालं तर बोल्ट छान बंद होतो, घोडा ओढला की गोळीही सुटते, आणि आत पितळेची पुंगळी मागेपुढे ताणली जाते. बुडापासून बोटभर वर पितळ पातळ होतं. एखाद्या दिवशी पुंगळी तिथेच तुटते आणि तापलेला वायू बोल्टमधून मागे येतो.

नवी नळी बसवली की हेडस्पेस नव्याने ठरवावा लागतो. त्यासाठी गो आणि नो-गो असे दोन गेज असतात. पहिल्यावर बोल्ट सहज बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर बंद होता कामा नये. दोन्हींमधला फरक काही थाऊंचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत मोजायचा. कारागिराला सांगा, "माझ्यासमोर गेज लावून दाखवा." जो मन लावून काम करतो तो आनंदाने दाखवतो. काडतुसालाच टेप चिकटवून अंदाज घेणारा भेटला तर रायफल उचला आणि परत या.

मित्राच्या तशाच रायफलचा बोल्ट माझ्या रायफलला बसतो. नवी नळी बसवताना तो वापरला तर?

बसतो आणि जुळतो यांत फरक आहे. बोल्टचे दात बॉडीतल्या जागेवर वर्षानुवर्षं घासून बसलेले असतात. दुसरा बोल्ट आला की एकच दात टेकतो, दुसरा हवेत राहतो आणि हेडस्पेस बदलतो. म्हणूनच ली-एनफिल्डच्या बॉडीवर आणि बोल्टवर एकच नंबर मारलेला असतो. तिच्या बोल्टचं पुढचं डोकं स्क्रूने बसवलेलं आणि बदलता येण्याजोगं असतं, पण ते बदलणंही गेज हातात असलेल्या माणसाचं काम. शिवाय मित्राचा बोल्ट तुमच्या घरात म्हणजे त्याच्या परवान्यावरच्या शस्त्राचा भाग तुमच्याकडे. हे कुणालाच समजावून सांगता येणार नाही.

ट्विस्ट किती इंचाचा घ्यायचा?

आतल्या चरांचा एक पूर्ण वेढा किती इंचांत होतो ते ट्विस्ट. .३०-०६ ला १० इंच ही जुनी, रुळलेली पद्धत. .३०८ ला १० किंवा १२, .२२ लाँग रायफलला १६. लांब, जड गोळीला वेढा घट्ट लागतो. पण आपल्याकडे मिळणारं काडतूस एक-दोन प्रकारचंच असतं, तेव्हा मूळ नळीचा ट्विस्ट तोच ठेवा आणि यावर जास्त डोकं शिणवू नका.

जाड नळी घेतली तर नेम सुधारेल का?

जाड नळी उशिरा तापते, म्हणून सलग बऱ्याच गोळ्या झाडल्या तरी नेम टिकतो. रेंजवर खेळणाऱ्याला त्याचा उपयोग. घरातल्या रायफलीला जाड नळी लावली की लाकडी कुंद्याची खाच खोदावी लागते, वजन पुढे जातं आणि जुन्या साइट बसत नाहीत. ली-एनफिल्डचं पुढचं लाकूड तर फार नाजूक प्रकरण आहे. मागे बॉडीपाशी लाकूड ज्या दोन जागी टेकतं तिथे ते घट्टच हवं. नळी बदलताना लाकूड सैल झालं तर नवी कोरी नळीसुद्धा गोळ्या विस्कटून टाकते आणि मालक नळीला शिव्या देत बसतो.

साइटचंही तसंच. पुढची मक्खी नळीवरच असते. नळी आवळून पूर्ण बसल्यावर मक्खी बरोबर वर, बारा वाजताच्या जागी यायला हवी. थोडी जरी कललेली राहिली तर मागची साइट कितीही सरकवा, लांबच्या माऱ्यात गोळी बाजूला जात राहील. रायफल परत घेताना ती टेबलावर सरळ ठेवून मागून एक डोळा मिटून बघा. कललेली मक्खी लगेच कळते.

आपल्या पावसाला स्टेनलेस बरी ना?

बरी, पण तीही गंजते. फक्त उशिरा. क्रोम-मोलिब्डेनमची साधी नळीसुद्धा तेलाचा पातळ हात असेल आणि कापडी, हवा खेळणाऱ्या म्यानात ठेवली असेल तर उत्तम टिकते. उन्हाळ्यात आणि श्रावणात एकाच पद्धतीने ठेवू नका, एवढं पुरे.

.२२ रायफलची नळी बदलणं सोपं असतं का?

दाब कमी असतो, त्यामुळे काही .२२ मध्ये नळी आट्यांऐवजी पिनांनी किंवा क्लॅम्पने धरलेली असते. कायदा मात्र तोच, आणि काम परवानाधारक कारागिराचंच. पण खरं सांगायचं तर .२२ ची शिशाची गोळी नळी फारशी झिजवत नाही. नीट ठेवलेली .२२ नातवापर्यंत जाते.

परदेशातून नळी पार्सलने मागवता येईल का?

शस्त्राच्या भागाच्या आयातीला कलम १० खाली परवाना लागतो. ऑनलाइन मागवून कस्टमला अडकलेल्या पार्सलमागे धावू नका. इशापूर घडणीच्या रायफलीसाठी तिथल्याच नळीची चौकशी परवानाधारक विक्रेत्यामार्फत करा. ही फॅक्टरी १ ऑक्टोबर २०२१ पासून ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीत आहे, त्यामुळे जुन्या कागदांवर आणि नव्या कागदांवर नाव वेगळं दिसेल. त्याने गोंधळून जायचं कारण नाही.

निपाणीहून कोल्हापूर जवळ. तिथल्या दुकानात रायफल दिली तर चालेल?

हा आपला खास सीमाभागातला प्रश्न. कागलची हद्द ओलांडली की राज्य बदलतं. परवान्यावर 'क्षेत्र' असं लिहिलेलं असतं. तिथे फक्त कर्नाटक असेल तर कोगनोळीच्या पुढे ती रायफल नेता येत नाही, मग गडहिंग्लजला मामाचं घर असो की चंदगडला शेत असो. संपूर्ण भारत असेल तर नेता येते, पण रिकामी, म्यानात, मूळ परवाना आणि दुरुस्तीसाठी नेत असल्याचा कागद सोबत ठेवून. काडतुसं वेगळी, आणि दुरुस्तीला नेताना काडतुसं न्यायचीच कशाला?

दुसरी अडचण निवडणुकीची. आचारसंहिता लागली की शस्त्रं ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायला सांगतात. दोन राज्यांच्या निवडणुका वेगवेगळ्या वेळी येतात. आपल्याकडे सगळं शांत असतं आणि पलीकडे आचारसंहिता चालू असते. तुमची रायफल तिथल्या दुकानात खोलून पडली असेल तर ती परत आणणं लांबतं. म्हणून नेण्याआधी दोन्हीकडची चौकशी करा. आणि तुमचा परवाना कन्नडमध्ये असेल तर युआयएन (परवानाधारकाचा ओळख) क्रमांक स्पष्ट दिसेल अशी प्रत जवळ ठेवा. तो क्रमांक देशभर एकच असतो, त्याने पलीकडच्या दुकानदाराची निम्मी शंका मिटते.

कुठल्या ऑफिसला कळवायचं?

ग्रामीण भागात डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिस, बेळगाव शहर हद्दीत पोलीस आयुक्तालय. काम सुरू करण्याआधी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. नळीवर नंबर असेल तर जुनी नळी निघाल्यावर तो जातो. नव्या नळीवर ओळखीची खूण कोण मारणार, कागदावर काय नोंद होणार, हे कारागिराकडून लेखी घ्या. जुना नंबर घासून काढणं किंवा स्वतः नवा नंबर ठोकणं हा कलम ८ खाली वेगळा गुन्हा आहे. आमच्या भागात एका घरातल्या पोरांनी 'जुना नंबर नीट दिसत नाही' म्हणून पंचने उठाव दिला होता. हेतू चांगला होता, पण ठाण्याच्या फेऱ्या काही चुकल्या नाहीत.

जुनी नळी भंगारात घालू का? किलोने पैसे मिळतात.

अजिबात नाही. ती अजूनही शस्त्राचा भाग आहे. भंगारवाल्याकडून ती कुठे जाईल सांगता येत नाही, आणि उद्या कुठल्यातरी गावठी कट्ट्यात तुमच्या नंबरचा तुकडा सापडला तर पहिली बेल तुमच्या दारावर वाजेल. कारागिराकडे किंवा विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती परवान्याला जोडून ठेवा.

कूर्गच्या लोकांना परवाना लागत नाही म्हणे. आपणही कर्नाटकातच, मग आपल्याला का नाही?

कूर्गची सूट कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना, केंद्र सरकारच्या स्वतंत्र अधिसूचनेने मिळालेली आहे. ती बाकीच्या कर्नाटकाला लागू नाही आणि बेळगाव जिल्ह्याला तर नाहीच. खानापूरकडे रानडुकरं आणि गवे पीक लोळवतात, हे दुःख मी रोज ऐकतो. पण परवाना आहे म्हणून वन्यप्राणी मारता येत नाही, त्याला वन्यजीव कायदा १९७२ आहे.

नवी नळी बसली. पहिल्यांदा काय तपासायचं?

पहिली चाचणी कारागिराने घ्यायची, तुम्ही नाही. रायफल हातात आल्यावर आधी नळी नीट पुसून घ्या, दुकानातून आलेलं जाड ग्रीस आत राहिलेलं असतं आणि त्याच्यासकट गोळी झाडली तर दाब वाढतो. मग मान्यताप्राप्त रेंजवर, काडतुसाच्या बुडावरचा शिक्का वाचून, योग्य तेच काडतूस घालून थोड्या गोळ्या झाडा आणि प्रत्येक पुंगळी खिशात ठेवा.

घरी आल्यावर त्या पुंगळ्या खिडकीपाशी उजेडात फिरवून बघा. बुडाच्या जरा वर गोल चकचकीत रेघ दिसते का? प्रायमर सपाट होऊन कडेपर्यंत पसरलाय का? त्याच्याभोवती काजळी आहे का? बोल्ट उचलताना जोर लावावा लागला होता का? यातलं एकही दिसलं तर रायफल पुन्हा झाडू नका. पुंगळ्यांसकट कारागिराकडे परत न्या आणि गेज पुन्हा लावायला सांगा. पुंगळ्या स्वच्छ असतील तर झिरो करायला, म्हणजे साइट नेमावर आणायला, घ्या. जवळच्या अंतरापासून सुरुवात करा, तीन गोळ्यांचा गट बघा, मक्खी हलवा, पुन्हा तीन. नळी हाताला ऊन लागली की थांबा, सावलीत ठेवा, आणि निवल्यावर पुढचा गट घ्या.